आर्च लिनक्स: आपला संगणक आपल्या हाताने



गेल्या काही भागांखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला. ‘ताई, संगणक जुना आहे, नवीन विंडोज त्यावर बसत नाही, मग तो भंगारात द्यायचा का?’ आजचा भाग त्या प्रश्नासाठी आहे. उत्तर आधीच सांगते: बहुतेक वेळा द्यायची गरज नसते. पण मग त्या यंत्राची जबाबदारी थोडीफार आपल्याला घ्यावी लागते. ती किती घ्यायची आणि कशी, ते आज पाहू. त्यासाठी मी मुद्दाम अवघड वाट निवडली आहे, कारण त्या वाटेवर संगणकाचा एकेक भाग सुटा दिसतो.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडले असा नाही. संगणक चालूच राहतो, पण त्यात सापडणाऱ्या नव्या सुरक्षा-त्रुटींवरचे उपाय येणं थांबतं. घरगुती वापरासाठी एक वर्षाची जादा मुदत दिली गेली, पण मुदत ती मुदतच. विंडोज ११ बसवायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१८च्या आधीचे बहुतेक संगणक या चाळणीतून खाली पडतात. यंत्र ठणठणीत, पण कागदोपत्री निवृत्त!

मी कोलकात्यात राहते हे जुन्या प्रेक्षकांना माहीत आहे. आमच्या पाड्यात, म्हणजे आपल्याकडच्या आळीत म्हणा, एक क्लब आहे. इथे प्रत्येक पाड्याला असा क्लब असतो. दुर्गापूजा, कॅरम, रक्तदान शिबिर आणि जोडीला एक छोटी वाचनखोली. त्या खोलीत कुठल्याशा कार्यालयाने दिलेले पाच संगणक आहेत. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. ज्यांच्या घरी संगणक नाही अशी मुलं कॉलेज प्रवेशाचे अर्ज इथूनच भरतात. आजोबा मंडळी पेन्शनची कामं करायला येतात. शनिवारी दोन तास मी तिथे बसते. समितीपुढे प्रश्न आला की हे पाच विकून नवीन घ्यायचे का? चांदणी मार्केटमध्ये चौकशी केली. पाचांचे मिळून जे पैसे येत होते, त्यात नवीन एकही येत नव्हता. उरलेली रक्कम पूजेच्या वर्गणीतून काढावी लागली असती. म्हणून पाचातला एक मी महिन्यासाठी मागून घेतला आणि त्यावर आर्च लिनक्स बसवायचं ठरवलं.

शिधा आणि थाळी

लिनक्स म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट करू. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने एक कर्नल लिहायला घेतला. कर्नल म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड या सगळ्यांशी थेट बोलणारा गाभा. त्याच्या भोवती रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८३ साली जाहीर झालेल्या ग्नू प्रकल्पाची साधनं आली. या सगळ्याचा सोर्स कोड उघडा आहे. तो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी परवानगी परवान्यातच दिलेली आहे.

पण नुसता कर्नल घेऊन आपल्याला पत्र टाइप करता येत नाही. त्यावर बरेच थर चढवावे लागतात. यंत्र सुरू झाल्यावर एकामागून एक कामं चालू करणारा व्यवस्थापक, कमांड घेणारा शेल, पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा, खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर, मग फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, आवाज, वायफाय. हे सगळं निवडून, जुळवून, चाचण्या करून जो संच दिला जातो त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा बोलीत ‘डिस्ट्रो’ म्हणतात. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही नावं तुम्ही ऐकली असतील. ही वाढलेली थाळी आहे. बसा आणि जेवा.

आर्च हा शिधा आहे. तांदूळ, डाळ, मसाले समोर ठेवलेले. काय शिजवायचं ते तुम्ही ठरवा. सोबत कोणी आचारी येत नाही. कॅनडातल्या जड व्हिनेट यांनी मार्च २००२मध्ये आर्चची पहिली आवृत्ती काढली. वापरणाऱ्यापासून काही लपवायचं नाही, पण त्याच्या वतीने काही ठरवायचंही नाही, हे धोरण तेव्हापासून आहे. मूळ संचात पडद्यावरची बटणं नाहीत, ब्राउझर नाही, वॉलपेपर नाही. जे तुम्ही मागितलं तेवढंच येतं.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर मला या शहराच्या इतिहासात सापडतं.

बराहनगरची खोकी

कोलकात्याच्या उत्तरेला बराहनगर आहे. तिथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे. या संस्थेत १९५३ साली समरेंद्र कुमार मित्र यांनी एक ॲनालॉग संगणक घडवला. पुढे १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-२एम नावाचं यंत्र तिथे आलं. भारतातला पहिला डिजिटल संगणक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ते आलं खोक्यांतून, सुट्या भागांत. जोडून द्यायला येईल असा तंत्रज्ञ देशात नव्हता, बिघडलं तर फोन करायला कोणी नव्हतं. संस्थेतल्याच माणसांनी ते उभं केलं, चालवलं आणि दुरुस्तही केलं.

याच शहरात पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. १९६६ साली सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून ट्रान्झिस्टरवर चालणारा इसिजू-१ हा संगणक स्वतः बांधला. दुसऱ्याचं यंत्र हाताने उघडलं, जोडलं, सांभाळलं, म्हणून पुढे आपलं बांधण्याचा आत्मविश्वास आला, असं मला वाटतं. मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६०पर्यंत असाच घरच्या घरी उभा राहिला होता.

आपण कोणी संगणक बांधायला निघालेलो नाही. पण ज्या यंत्रावर आपला पैसा, आपली कागदपत्रं आणि मुलांचे प्रवेश अवलंबून आहेत, ते एकदा तरी आतून पाहिलेलं असावं. बाहेरचा माणूस ‘हे आता मेलं’ म्हणाला, तर ते खरं की खोटं हे ठरवण्याइतकी समज आपल्याकडे हवी.

बसवताना नेमकं काय घडतं

आता पायऱ्या सांगते. पडद्यावर मी कमांड दाखवते आहेच. ई-पुस्तक वाचणाऱ्यांनी आर्च विकी उघडून ठेवावा. संगणकाच्या जगातलं ते एक उत्तम मार्गदर्शक आहे, आर्च न वापरणारेही त्याचा आधार घेतात.

पहिली पायरी तयारीची. डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून जे जपायचं त्याची प्रत दुसरीकडे. मग आर्चच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवायची. ती साधारण सव्वा ते दीड जीबीची असते. उतरवलेली फाइल खरी आहे ना, हे तिथे दिलेल्या चेकसमशी ताडून पाहायचं. ही दोन मिनिटांची पायरी गाळू नका. मग ती फाइल पेन ड्राइव्हवर चढवायची. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं, आणि प्रोसेसर ६४ बिटचा हवा. ३२ बिटसाठीचा आधार आर्चने २०१७ सालीच थांबवला.

पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की काळा पडदा येतो आणि एक लुकलुकणारी खूण. आमच्या क्लबमधला दहावीतला एक मुलगा शेजारी बसला होता. त्याने विचारलं, ‘माशी, माउस कुठे गेला?’ म्हटलं, अजून मागवला नाही. तो हसला, पण त्या एका उत्तरात त्याला बरंच समजलं. माउसचा बाण ही संगणकात जन्मजात असलेली गोष्ट नव्हे. कोणीतरी लिहिलेला तो एक कार्यक्रम आहे, आणि तो नसतानाही संगणक पूर्ण जागा असतो.

दुसरी पायरी डिस्कची वाटणी. एक छोटा भाग यंत्राला सुरुवात कुठून करायची हे सांगणारा, बाकीचा आपल्या कामाचा. त्यावर ईएक्सटी-४ ही फाइल व्यवस्था घातली. ती जर्नल ठेवते, म्हणजे महत्त्वाचा बदल करण्याआधी त्याची नोंद वहीत करते. इथे चैत्र-वैशाखात कालबैशाखीची वादळं येतात, दुपारी चारला आभाळ काळं होतं आणि वीज जाते. अशा वेळी अर्धवट राहिलेलं काम ती वही पाहून सावरलं जातं. पुण्यात वळवाच्या पावसात हेच होतं.

तिसरी पायरी मूळ संच उतरवण्याची. तीन गोष्टी मागायच्या: पायाभूत साधनं, कर्नल आणि फर्मवेअर. फर्मवेअर म्हणजे वायफायसारख्या भागांना लागणारे त्यांचे स्वतःचे छोटे कार्यक्रम. इथे एक सूचना. पेन ड्राइव्हवर इंटरनेट चालत होतं म्हणून नव्या संचात ते आपोआप येत नाही. नेटवर्क सांभाळणारा कार्यक्रम आणि फाइल लिहिण्यासाठी एक एडिटर आताच मागून घ्या.

चौथी पायरी मला सगळ्यांत आवडते. संगणकाला वेळ सांगायची. भारतासाठी या यादीत एकच नाव आहे, एशिया/कोलकाता. तुम्ही सांगलीत असा, मडगावात असा नाहीतर बेळगावात, घड्याळ लावायला कोलकात्याचं नाव घ्यावं लागतं. कारण जगभरच्या वेळांची ही यादी देशांऐवजी शहरांच्या नावांवर बेतलेली आहे. देश बदलतात, फाळण्या होतात, शहरं बहुधा जागेवर राहतात. शहराचं नाव २००१ साली अधिकृतपणे कोलकाता झालं आणि यादीत ते २००८ साली बदललं. जुनं कलकत्ता हे नावही टोपणनावासारखं ठेवलं आहे, नाहीतर जुने कार्यक्रम अडले असते.

वेळेवरूनच आणखी एक उलगडा. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांचं घड्याळ कधीकधी बरोबर साडेपाच तासांनी चुकतं. विंडोज यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स तिथे जागतिक वेळ लिहितं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. दोघं एकमेकांचं लिहिलेलं वाचतात आणि गोंधळ होतो. बॅटरी बदलून तो सुटत नाही. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवली की सुटतो.

पाचवी पायरी वापरकर्ता, पासवर्ड आणि बूटलोडर. संगणक पुन्हा सुरू केला की आपला आर्च उभा. अजूनही काळा पडदाच, पण आता तो आपल्या डिस्कवरचा.

हे सगळं एका प्रश्नावलीतून करून देणारी सोय २०२१पासून पेन ड्राइव्हवरच मिळते. घाई असेल तर ती वापरा. पहिली खेप मात्र हाताने करा, असं मी सुचवेन.

चौकोनांची मराठी

आता तो भाग, ज्यासाठी मराठी माणसाने हा प्रयोग करून पाहावा.

मी आधी ब्राउझर बसवला आणि एक मराठी वृत्तपत्र उघडलं. पानभर चौकोन! अक्षरांच्या जागी रिकाम्या पेट्या. संगणक बिघडला नव्हता. त्याला मी देवनागरीचा फॉन्ट दिलाच नव्हता. मजकूर आला होता, पण कुठल्या आकड्याला कुठलं चित्र काढायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मराठी दिसण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक. दुसरी, फॉन्ट, म्हणजे त्या क्रमांकाचं चित्र. तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तिला शेपिंग म्हणतात. ‘क्षि’ लिहिताना आपण क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी या क्रमाने क्रमांक पाठवतो, पण पडद्यावर वेलांटी आधी यायला हवी आणि जोडाक्षर एकसंध दिसायला हवं. हे जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचं उघडं सॉफ्टवेअर करतं. लिनक्सवरच्या बहुतेक कार्यक्रमांत तेच आहे, आणि अँड्रॉइड फोनमध्येही आहे.

नोटो आणि लोहित हे दोन मोफत फॉन्ट-संच बसवले. चौकोन गेले, मराठी आली. पण तेवढ्यावर थांबू नका. भाषेची मांडणी, म्हणजे लोकॅल, ‘मराठी-भारत’ अशी ठेवा. कारण ‘ल’ आणि ‘श’ यांची आपली वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. पाकळीचा ल आणि देठाचा श, हेच रूप महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात मराठीसाठी नक्की केलं. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात. मजकूर मराठी आहे हे कळलं तरच ते आपलं रूप दाखवतात. तयार मिळालेल्या संगणकावर ही निवड कोणीतरी आपल्यासाठी आधीच करून ठेवलेली असते, बहुधा आपल्याला न विचारता.

मग टायपिंग. एफसीआयटीएक्स-५ किंवा आयबस यांपैकी एक बसवायचं, त्यात मराठी इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसार चालणारी मांडणी घ्यायची. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘र’ दाबला की ‘ऱ’ येतो, आणि त्यापुढे हलन्त दिला की आपला अर्धा, चंद्रकोरीसारखा र. ‘आचार्यास दिले’ आणि ‘आचाऱ्यास दिले’ यातला फरक शाळेत शिकलो होतो. एकात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. संगणकाला तो फरक कळतो तो ‘ऱ’च्या वेगळ्या क्रमांकामुळे.

आमच्या क्लबमध्ये अर्थात बंगालीही हवी होती. बंगालीतलं ‘खंड त’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००५ साली. आपला ‘ॲ’ आला २००८ साली. म्हणजे ही अक्षरं संगणकात आकाशातून पडली नाहीत. त्या भाषेतल्या माणसांनी ती मागितली, कागद रंगवले, चर्चा केल्या. लिनक्सचे मेनू भारतीय भाषांत आणायला मुंबईत इंडलिनक्ससारखा प्रकल्प उभा राहिला आणि बंगालीसाठी ‘अंकुर’ या नावाने स्वयंसेवक एकत्र आले. उघड्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा शब्द दिसला तर तो सुधारून पाठवता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते.

आपल्या मनाचं टेबल

आता डेस्कटॉप. इथे निवडीला अंत नाही. केडीई प्लाझ्मा घेतला तर विंडोजसारखं परिचित रूप मिळतं आणि प्रत्येक कोपरा बदलता येतो. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हलके आहेत. आय-थ्री हा विंडो मॅनेजर खिडक्या आपोआप फरशांसारख्या शेजारी-शेजारी लावतो आणि जवळपास सगळं कीबोर्डवर चालतं. नावात आय-थ्री असलं तरी प्रोसेसरशी त्याचा संबंध नाही.

मी एलएक्सक्यूटी घेतला. अक्षर मोठं केलं, पडद्यावर चारच चिन्हं ठेवली: ब्राउझर, लिबर ऑफिस, पीडीएफ, बंद करा. चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणाऱ्या आजोबांना हेच हवं असतं. कस्टमाइझ करणं म्हणजे रंगीबेरंगी वॉलपेपर, असा समज आहे. बसणाऱ्या माणसाला काय लागतं ते ओळखून बाकीचं काढून टाकणं, हा त्याचा खरा उपयोग.

वेगाबद्दल खरं सांगते. काहीही न उघडता हा संगणक ४ जीबीपैकी पाचशे एमबीच्या आसपास मेमरी वापरत होता. पण ब्राउझरमध्ये पाच-सहा पानं उघडली की उरलेली मेमरी भराभर जाते, मग खाली लिनक्स असो की विंडोज. त्यावर झेडरॅम कामाला येतं. ते मेमरीतला मजकूर दाबून, घडी घालून ठेवतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. आणि सगळ्यांत मोठा फरक पडला तो फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातल्याने. जुना संगणक जगवायचा आणि खिशात थोडेच पैसे असतील, तर पहिला खर्च एसएसडीवर करा.

जबाबदारीचा भाग

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही.

आर्चला आवृत्त्या नाहीत. तो वाहता आहे. दर आठवड्याला नवे पॅकेज येतात आणि सगळं एकदम अद्ययावत करायचं असतं. एखादंच पॅकेज नवं आणि बाकी जुनी, असं अर्धवट केलं तर कार्यक्रम एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय अपडेट करण्याआधी आर्चच्या मुखपृष्ठावरची सूचना वाचावी लागते. जून २०२५मध्ये फर्मवेअरच्या पॅकेजची रचना बदलली, तेव्हा ते आधी हाताने काढून पुन्हा बसवावं लागलं. सूचना वाचणाऱ्याला ते दोन मिनिटांचं काम होतं. न वाचणाऱ्याच्या वाट्याला फक्त एरर आली.

दुसरी गोष्ट, एयूआर. हे वापरकर्त्यांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या पॅकेज-कृतींचं भांडार आहे. तिथे हवं ते मिळतं, पण तिथलं कोणी तपासून दिलेलं नसतं. जुलै २०२५मध्ये ब्राउझरच्या नावाखाली घातक सॉफ्टवेअर असलेली काही पॅकेजेस तिथे सापडली आणि काढावी लागली. कृती वाचता येत नसेल तर तिथलं काही घेऊ नका. अनोळखी माणसाने दिलेला प्रसाद आपण खातो का?

तिसरी, जुळणी. काही प्रिंटर-स्कॅनर लगेच चालतात, काही अजिबात नाहीत. डिजिटल सहीचं टोकन किंवा हिशेबाचं ठरावीक सॉफ्टवेअर लागत असेल तर आधी चौकशी करा. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली मराठी कागदपत्रं इथे कचऱ्यासारखी दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. हे काम खरं तर लिनक्सकडे वळला नाहीत तरी करायला हवं.

चौथी, वीज. जर्नल फाइल व्यवस्था सावरतं, पण कर्नलचं अपडेट अर्ध्यावर तुटलं तर यंत्र सुरूच न होण्याची शक्यता असते. म्हणून जोडीला दीर्घ मुदतीचा एलटीएस कर्नल बसवून ठेवा आणि तो पेन ड्राइव्ह पुसू नका. त्यावरून आत शिरून दुरुस्ती करता येते.

हे सगळं पाहून क्लबसाठी मी काय सुचवलं? पाचही संगणकांवर आर्च नाही. चार संगणकांवर डेबियन. १९९३पासून चालत आलेली, सावकाश बदलणारी, स्वयंसेवकांनी सांभाळलेली ही व्यवस्था आहे. तिथे सुरक्षेचे उपाय येत राहतात आणि बाकी सगळं दोन वर्षं जागच्या जागी राहतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मुलाला प्रयोग नको असतो, चालणारं यंत्र हवं असतं. पाचव्यावर आर्च ठेवला आणि तो शनिवारच्या दोन तासांपुरता मुलांच्या हाती दिला. मोडा, पुसा, पुन्हा बसवा. त्या यंत्रावर दुसऱ्या कोणाचं काम अडून नाही, म्हणून तिथे मोडण्याची मुभा आहे. समितीने पाच एसएसडींचा खर्च मंजूर केला, आणि पूजेच्या वर्गणीला हात लावावा लागला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. शिकायचं यंत्र आणि राबायचं यंत्र, ही दोन वेगळी ठेवा. आर्च हाताने बसवल्यावर डेबियन किंवा मिंटमध्ये आतून काय चाललं आहे ते दिसू लागतं. चौकोन दिसले तर फॉन्ट आठवतो, घड्याळ चुकलं तर साडेपाच तास आठवतात, यंत्र हळू झालं तर मेमरी आधी पाहावीशी वाटते. हे ज्ञान तुम्ही उद्या कुठलीही व्यवस्था वापरलीत तरी उपयोगी पडतं.

करून पाहायचं असेल तर असं करा. पहिल्या आठवड्यात आहे त्याच संगणकावर व्हर्च्युअल मशीन बसवा. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत साधन चालेल. त्यात आर्च बसवा. तिथे काही बिघडलं तरी तुमच्या मूळ संगणकाला धक्का लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात तेच पुन्हा, यावेळी स्वतःच्या वहीत प्रत्येक पायरी मराठीत लिहून. काय केलं आणि का केलं, दोन्ही. तिसऱ्या आठवड्यात घरातला जुना संगणक काढा, धूळ झटका, डेटाची प्रत घ्या आणि त्या वहीवरून बसवा. ज्या संगणकावर घरातल्यांचं रोजचं काम चालतं, त्याला मात्र यातलं काही करू नका.

वहीत जिथे ‘का’ लिहिता आलं नाही, ती पायरी या भागाखाली लिहून कळवा. पुढच्या भागात आपण तेच प्रश्न घेऊ आणि जोडीला जुन्या फॉन्टमधली मराठी कागदपत्रं युनिकोडमध्ये कशी आणायची तेही पाहू. तोपर्यंत नमस्कार.